सौजन्य

विजय टॉकीजच्या चौकात सिग्नल लाल होता
म्हणून वर बघितलं.
फ्लेक्सवर मोरेश्वर घाटपांडे, बारा बाय आठ,
डोळे मिटलेले, व्हायोलिनचं टोक पावलावर,
गज अर्ध्यात,
आणि कानाच्या पाळीला लोंबणारा घामाचा थेंब
पडू की नको करत.

तो थेंब माझा.
म्हणजे, घाम त्यांचाच.
पण पडायच्या आधीचा सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग माझा.
सदाशिव पेठेतल्या त्या बैठकीत
चपलांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून
पावणेतीन तास वाट बघितली होती त्याची,
दोन्ही पायांना मुंग्या.

उजव्या कोपऱ्यात माझं नाव असायचं, बारीक, पांढरं.
तिथं आता एका सराफांचा हत्ती आहे.
खाली 'सौजन्य', आणि पुढं बँक.
मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

साडेतीन हजारांचं बिल केलं,
पाकिटात घातलं, पाकीट खिशात,
आणि प्रभात रोडला गेलो.
दारावर पाटी :
'शिकवणी चालू असताना मोबाईल
बाहेरच्या टोपलीत ठेवावेत. ध्वनिमुद्रण ही चोरी आहे.'
मी माझा ठेवला. टोपलीत एकटाच होता.

"ये जिनगर. बघितलास फ्लेक्स? काय सुरेख आलाय!"
मी म्हटलं, नाव राहिलं माझं.
"अरे, चेहरा माझाच आहे ना," ते हसले,
"आणि जाहिरात झाली की तुझी, चौकाचौकात."
कुणाला कळणार जाहिरात कुणाची ते,
हे मी वडीबरोबर गिळलं.
काकूंनी नारळाची वडी दिली होती.
वडी खरंच चांगली होती.

मग त्यांचा आवाज खाली आला, षड्जाच्याही खाली.
कुणी पोरानं त्यांचा बागेश्री
खिशातल्या खिशात उचलला होता, अख्खा,
आणि दिला होता सोडून जगभर.
"चाळीस वर्षं, भालचंद्र.
बोटं बघ. बघ ही बोटं.
फुकट ऐकतायत लोक, भांडी घासताना!"
बोटं बघितली. तर्जनीला खाच पडलेली,
तारेएवढी रुंद.
माझ्याकडे दाखवायला तसं काही नव्हतं.
पाकीट खिशातच मऊ झालं.

वाक्य सुचलं ते नळ स्टॉपला :
बागेश्रीचं बिल कुणाला देता हो, दर महिन्याला?
फार छान वाक्य होतं.
पुलाखालच्या गर्दीत दोनदा म्हटलं.

दुकान, कसबा पेठ. शटर अर्धं वर.
कॉम्प्युटर सुरू केला की आधी तो विचारतो :
ही प्रत अधिकृत नाही, पुढे जायचं?
तपकीर गल्लीत दीडशेला घेतली तेव्हापासून
रोज विचारतो,
रोज मी 'हो' दाबतो,
जसं पाण्याच्या ग्लासवरची माशी हाकलावी.

खुटवडांच्या मुलीचं लग्न जोडायला घेतलं.
पाठवणी. आई पदराने डोळे पुसते,
बाप टेम्पोत रुखवत मोजतोय,
आणि सगळ्याच्या खाली, हळू,
व्हायोलिन.

कुठलं व्हायोलिन?
जुन्या बाजारात दहा रुपयांना मिळालेली कॅसेट.
अकरा वर्षांत
किती मुली सासरी पाठवल्या मी तिच्यावर.
कव्हर फाटलेलं होतं, खरं आहे.
नाव वाचता येत होतं, हेही.

शेवटची पाटी तयारच असते :
छायाचित्रण व संकलन, जिनगर फोटो.
सर्व हक्क राखीव.
तिच्यावर एक ओळ वाढवली,
'संगीत' लिहिलं, दोन टिंबं दिली,
आणि 'मो' वर थांबलो.
साडेतीन हजार त्यांचेही झाले असते की,
धरा दर लग्नाला पन्नास…
हिशेब सोडून दिला.

तेवढ्यात खुटवड बाईंचा फोन.
"दादा, नमुना बघितला. सगळं झकास.
फक्त ते रडकं वाजवणं काढा तेवढं.
सनई टाका. कुठलीही चालेल.
नेटवर पडलेलीच असते."

काढलं.
सनई मिळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.
वाजवणारा श्वास घेतो ते मध्येच ऐकू येतं, एकदा.
नाव कुठं आहे का बघितलं.
नव्हतं.